थंडी सरताना आठ जण सायकलने जंगलातल्या केबिनवर एका मुक्कामाला जाणार आहोत. वीज-नळ नाही, वाटेत बर्फ आहे. टायर कोणते लावावेत?

रुंद टायर लावा, हवा नेहमीपेक्षा कमी ठेवा, बर्फ काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर खिळ्यांचे लावा. टायरचं एवढंच. तुम्ही निघणार किती वाजता, ते लिहिलेलंच नाही.

आम्ही सहा जण २२ किलोमीटरवरच्या अशाच केबिनला गेलो होतो. मी म्हटलं, पहाटे निघू. थंडीच्या शेवटी रात्री वाट गोठते, सकाळी फरशीसारखी टणक लागते आणि दुपारी तिचाच रबडा होतो. आमचा म्होरक्या म्हणाला, "ऊन तर वर येऊ दे. तू आधीच हळू, वर पहाटे उठवणार?" निघायला साडेदहा वाजले.

एक वाजल्यापासून चाकं रुतायला लागली. शेवटचे चार किलोमीटर मी सायकल ढकलत नेली. तिघं कधीच पुढे निघून गेले होते आणि केबिनची चावी माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात! घामाने भिजलेले ते तिघं बंद दारासमोर पाऊण तास कुडकुडत उभे. मी चार वाजता पोचले, तर कुलूपच गोठलेलं. लायटरवर चावी तापवायची, आत घालायची, फिरत नाही म्हणून काढायची, परत तापवायची. चौथ्या खेपेला कट्ट वाजलं. (कुलपावर गरम पाणी ओतू नका, ते आत जाऊन पुन्हा गोठतं.)

"हिच्याकडे चावी दिलीच कुणी?" म्होरक्या विचारतो. अरे, तूच दिलीस, तुझ्या बॅगेत जागा नव्हती म्हणून!

आत वेगळीच तऱ्हा. गॅसचा डबा साध्या ब्यूटेनचा. ब्यूटेनचा शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचा थांबतो, त्यामुळे शेगडी फुरफुरली आणि विझली. प्रोपेन मिसळलेला डबा न्या. सरपण ओलं होतं, ओंडके चिरून आतल्या कोरड्या ढलप्या काढाव्या लागल्या. पाणी बर्फ वितळवूनच. त्याला वाटतं त्याहून फार जळण लागतं: बर्फाचं नुसतं पाणी करायला जेवढी उष्णता जाते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. भांड्यात आधी थोडं पाणी ठेवा, नाहीतर तळ करपतो.

दुसऱ्या दिवशी मात्र कुणाला न विचारता मी सगळ्यांना पाचला उठवलं. सहाला निघालो, आठ वीसला परत. जाताना साडेपाच तास लागले होते. मी तीच, सायकल तीच. "परतीला उतार होता," असं म्होरक्या अजून सांगतो. चढ-उतार जवळपास सारखेच होते, मार्ग माझ्या फोनमध्ये आहे, कधीही दाखवते.

तेव्हा पहाटे निघा. चावी, काडेपेटी आणि पहिल्या जाळापुरतं कोरडं सरपण सगळ्यात पुढच्याकडे, पंक्चरचं सामान सगळ्यात मागच्याकडे. कोरडे मोजे मात्र ज्याचे त्याने न्यावेत. चढावर घाम येण्याआधीच एक थर उतरवा. फोन अंगाजवळ ठेवा, गारठ्यात बॅटरी बसते.

हो, दोन गोष्टी राहिल्या. चूल पेटती ठेवून झोपणार असाल तर खिडकी किलकिली ठेवा, जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. आणि रात्र ढगाळ असेल तर वाट नीट गोठत नाही, मग पहाटे निघूनही रुतालच. तसा अंदाज असेल तर बेत पुढे ढकला.