आधी प्रिंट, मग गॅलरी

प्रिय मित्रा,

तुझे फोटो पाहिले, पुन्हा पुन्हा उघडून पाहिले. रिकाम्या घरांची ही मालिका चांगली आहे आणि ती पुढे न्यायलाच हवी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनाने वाचशील. नोकरी कधी सोडू आणि गॅलरीकडे कधी जाऊ, असं तू विचारलं आहेस. त्यावर लिहीनच. पण तू पाठवलेल्या चौसष्ट फोटोंपैकी एकाचाही प्रिंट अजून काढलेला नाहीस, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते.

कपाट हलवल्यावर भिंतीवर जो उजळ चौकोन राहिला आहे, तो फोटो घे. स्क्रीनवर तो चौकोन लगेच डोळ्यांत भरतो, कारण स्क्रीनला स्वतःचा उजेड आहे. कागदाला तो नसतो. त्याच्यावर पडलेला उजेडच तो परत देतो, आणि कागदाच्या मूळ पांढऱ्याहून उजळ असं त्यावर काहीच उमटत नाही. वर्षानुवर्षं धूर आणि ऊन खाऊन पिवळट पडलेली भिंत आणि कपाटाआड जपली गेलेली भिंत, या दोन पांढऱ्यांतला फरक मुळात अगदी थोडा आहे. फाइल जशी आहे तशी छापलीस तर तो फरक कागदावर विरून जाईल आणि हाती नुसती कोरी भिंत राहील. या फोटोचा सगळा जीव त्या चौकोनाच्या कडेत आहे आणि नेमकी तीच कड जाईल.

म्हणून अख्खा फोटो छापायच्या आधी फक्त त्या कडेच्या तळहाताएवढ्या पट्ट्या काढ. एक आहे तशी, एकीत उजळ भाग किंचित खाली आणलेला, एकीत दोन पांढऱ्यांमधला कॉन्ट्रास्ट थोडा वाढवलेला. पट्ट्या पूर्ण वाळू दे, कारण ओल्या शाईचा रंग आणि वाळल्यानंतरचा रंग यांत फरक पडतो. मग त्या पाच हजार केल्विनच्या, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या, प्रमाणित उजेडात बघ आणि घरातल्या साध्या दिव्याखालीही बघ. फोटो विकत घेणाऱ्याच्या भिंतीवर तो साधा दिवाच असणार आहे. प्रिंट फार काळोखे येत असतील तर प्रिंटरला दोष देण्याआधी मॉनिटरचा ब्राइटनेस तपास. बहुतेक वेळा मॉनिटरच गरजेपेक्षा जास्त उजळ ठेवलेला असतो.

कागदाबद्दल माझं मत ठाम आहे. या मालिकेला चकाकी नको. चुन्याच्या भिंतीचा कोरडेपणा मॅट कॉटन कागदावर जसा येतो तसा बरायटा या चकाकीच्या कागदावर येणार नाही. पण मॅट कागदाचा काळा रंग तितका खोल नसतो, आणि तुझ्या त्या अंधाऱ्या बोळाच्या फोटोला याचा फटका बसेल. तिथे सावलीतले तपशील थोडे उघडावे लागतील, नाहीतर बोळाच्या जागी एक मळकट करडा ठिपका दिसेल. एकाच मालिकेत दोन प्रकारचे कागद वापरायचा मोह होईल. तो टाळ.

हे सगळं तांत्रिक वाटेल, पण कलाकाराचे निर्णय इथेच होतात. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचं न्यू मेक्सिकोतलं १९४१ सालचं चंद्रोदयाचं छायाचित्र तुला माहीत असेल. त्याच्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश बरंच फिकं आहे, ढगांच्या रेषाही दिसतात. १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया केली, आणि पुढच्या काळातल्या प्रिंटमध्ये आकाश जवळजवळ काळंभोर होत गेलं. शटर एकदाच दाबलं होतं. ते छायाचित्र काय म्हणतं, हे तो पुढची कितीतरी वर्षं प्रिंट काढता काढता ठरवत राहिला.

आता निवड. चौसष्ट फार झाले. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकने १९५५ पासून अमेरिकाभर फिरून सुमारे २८,००० फ्रेम काढल्या आणि त्यांतून केलेल्या पुस्तकात ८३ घेतल्या. तू पोर्टफोलिओत पंधरा ते वीसच ठेव. सगळ्यांचे लहान, स्वस्त प्रिंट काढून भिंतीला लाव आणि काही आठवडे तसेच राहू दे. येता-जाता ज्यांच्याकडे नजर जाईनाशी होते, ते आपोआप कळतात. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर एक काढ. फरशीवर उन्हाचे कवडसे पडलेले तुझे चार फोटो मी चारही काढले असते. ते सुंदर आहेत यात शंका नाही, पण त्यांत घर दिसत नाही, ऊन दिसतं. असं ऊन कुठल्याही खोलीत पडतं. उलट दाराच्या चौकटीवर मुलांची उंची पेन्सिलीने नोंदलेला फोटो तू यादीत शेवटी टाकला आहेस. मालिकेचा कणा तोच आहे. फक्त त्या खुणांपाशी मुलांची नावं वाचता येतात, तेव्हा त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय तो कुठेही दाखवू नकोस. बाकीच्या घरांसाठीही मालकांची लेखी परवानगी घेऊन ठेव. प्रदर्शन ठरल्यावर त्यासाठी धावाधाव करण्यात अर्थ नाही.

पुढचे फोटो काढताना स्वतःला एक-दोन नियम घालून घे. बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार जोडप्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे टिपले, तेही कित्येक दशकं, ढगाळ उजेडात, समोरून, मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्याने. एकेकटा फोटो पाहिला तर त्यात फारसं काही घडत नाही. नऊ-बारा टाक्या शेजारीशेजारी लावल्या की प्रत्येकीचा चेहरामोहरा दिसायला लागतो. १९९० च्या व्हेनिस द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला तो छायाचित्रणासाठी नव्हे, शिल्पकलेसाठी. तू त्यांची नक्कल करावीस असं नाही. पण आत्ता तुझ्या काही फोटोंत कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आहे, काहींत जमिनीलगत, काही वाइड लेन्सने इतके ताणले आहेत की खोली दुप्पट मोठी वाटते. त्यामुळे घरांघरांतला फरक दिसायच्या आधी कॅमेऱ्याच्या करामतीच दिसतात. एक लेन्स, एक उंची ठरव आणि वर्षभर तरी मोडू नकोस.

मालिकेसोबतचं निवेदन छोटं लिही, दीडशे-दोनशे शब्दांचं. काय टिपतोस, कसं टिपतोस, का, एवढं बास. ‘अवकाश आणि स्मृती यांचा शोध’ असली वाक्यं खोडून टाक. ती कुणाच्याही मालिकेखाली खपतात.

विक्रीचं थोडक्यात. प्रत्येक फोटोची आवृत्ती मर्यादित असते, म्हणजे ठरलेल्या आकारात पाच किंवा दहा प्रिंट आणि वर एक-दोन आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे कलाकाराच्या स्वतःच्या प्रती. आकडा एकदा जाहीर केलास की तो शेवटचा. पुढे मागणी वाढली म्हणून त्यात भर घालता येत नाही, घातलीस तर आधी घेणाऱ्यांचा विश्वास गेला म्हणून समज. दुसऱ्या आकारात काढायचा विचार असेल तर तोही पहिल्याच दिवशी जाहीर कर. कोणता क्रमांक कुणाकडे, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावर गेला याची वही आजपासून ठेव. किंमत कमी ठेवून सुरुवात केली तर वाढवता येते, वाढवलेली उतरवता येत नाही. जर्मन छायाचित्रकार आन्द्रेआस गुर्स्कीच्या ऱ्हाइन नदीच्या छायाचित्राची एक प्रत २०११ मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरला गेली, ती सहाच्या आवृत्तीतली होती. तो आकडा सगळे सांगतात. पण गुर्स्की आधी बेखर यांचा विद्यार्थी होता, आणि तो लिलाव त्याच्या कित्येक वर्षांच्या कामानंतर झाला, हे क्वचित सांगतात.

नोकरी सोडू नकोस, निदान एवढ्यात नको. प्रिंट, फ्रेम, वाहतूक, प्रिंट साठवायला कोरडी जागा, या सगळ्याला पैसा लागतो आणि तो विक्रीच्या आधी लागतो. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो सुरुवातीच्या काळात न्यूयॉर्कमध्ये जपानी प्राचीन कलावस्तूंचा व्यवहार करून पोट भरत असे. बेखर दांपत्याच्या कामालाही अध्यापनाचा आधार होता. घरभाडं फोटोंवर अवलंबून नसलं की नको असलेल्या कामाला नाही म्हणता येतं आणि मालिका अर्धवट असताना ती विकायला काढावी लागत नाही. फक्त अशी नोकरी बघ, जिच्यानंतर डोळे शाबूत राहतील. दिवसभर दुसऱ्यांचे फोटो रिटच करून रात्री स्वतःचे बघणं फार अवघड जातं.

आणि गॅलरी. वीस प्रिंट तयार झाले की जा, त्याआधी नको. जाण्यापूर्वी तिथली दोन-तीन प्रदर्शनं स्वतः बघ. तुझं काम त्या भिंतीवर शोभेल का, हे तुलाच कळेल. गॅलरीने विक्रीतला अर्धा वाटा मागितला तर दचकू नकोस, तसा प्रघात आहे. तो वाटा घेऊन ती काय करते ते मात्र विचार. फ्रेमचा खर्च कुणाचा, विक्री झाल्यावर पैसे किती दिवसांत येणार, सवलत दिली तर ती कुणाच्या वाट्यातून, न विकलेले प्रिंट किती महिन्यांनी परत मिळणार, वाटेत खराब झाले तर भरपाई कोण देणार. बोलणं कितीही आपुलकीचं झालं असलं तरी हे सगळं लिहून घे, आणि त्याखाली सही झाल्यावरच प्रिंट त्यांच्या हवाली कर.