‘मान्यता मिळाली’ की ‘गुन्हा उरला नाही’?

डिचोलीच्या एका वाचनालयातल्या कार्यकर्तीने विचारलं आहे: ‘आमच्या भित्तिपत्रकासाठी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, भारतीय दंड संहितेच्या ३७७ कलमाविरुद्धच्या लढ्यावर मजकूर लिहिते आहे. कुठे “समलैंगिकतेला कायदेशीर मान्यता” असं सापडतं, तर कुठे “समलैंगिकतेचे निर्गुन्हेगारीकरण”. बरोबर काय? आणि समलैंगिक लिहावं की समलिंगी?’

ताई, शेवटचं आधी उरकतो. दोन्ही चालतात. ‘समलैंगिक’ हा शब्द समलिंग या शब्दाला इक प्रत्यय लावून झाला असता, तर समाज-सामाजिक या चालीने ‘सामलिंगिक’ व्हायला हवा होता, असं एखादे शास्त्रीबुवा तुम्हाला ऐकवतील. त्यांना सम अधिक लैंगिक असा विग्रह दाखवा आणि पुढे चला. माणसाविषयी लिहिताना मला स्वतःला ‘समलिंगी’ सुटसुटीत वाटतो.

खरी गल्लत ‘मान्यता’ या शब्दात आहे. मान्यता कोणीतरी द्यावी लागते. शाळेला सरकार मान्यता देतं, मांडवीतल्या कॅसिनोला परवाना देतं. ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ कलमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी असं काही दिलं नाही. सज्ञान माणसांनी परस्परसंमतीने, खाजगीत ठेवलेल्या संबंधांमध्ये फौजदारी कायद्याने पडू नये, एवढंच ठरलं. त्याच महिन्यात, २७ तारखेला, व्यभिचाराचं ४९७ कलमही घटनाबाह्य ठरलं. म्हणून व्यभिचाराला मान्यता मिळाली असं आपण म्हणणार आहोत का?

मान्यतेचा प्रश्न पुढे आला तो वेगळ्या खटल्यात. समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी ही मागणी होती आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला ती फेटाळली गेली. २०१८ च्या निकालालाच ‘मान्यता’ म्हणून बसलं, तर पाच वर्षांनी नाकारलं ते काय, हे वाचकाला समजावताना तारांबळ उडते. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडल रॉड्रिक्स यांचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये त्यांनी आपल्या फ्रेंच जोडीदाराबरोबर फ्रान्सच्या कायद्याखालचा नागरी करार गोव्यातच केला. त्या नात्याला फ्रान्सच्या दप्तरी मान्यता होती आणि इथे ३७७ कलम जागच्या जागी होतं. नंतर कलमाचा धाक गेला, पण भारतीय कायद्याने त्या नात्याची नोंद काही घेतली नाही. वेंडल २०२० मध्ये गेले.

आता ‘निर्गुन्हेगारीकरण’. शब्द बोजड आहे ही तक्रार किरकोळ. माझा आक्षेप त्यातल्या ‘गुन्हेगारीकरणा’ला आहे. मराठीत हा शब्द आधीच एका कामाला जुंपलेला आहे: राजकारणाचं गुन्हेगारीकरण, म्हणजे राजकारणात गुंडांचा शिरकाव. त्याच चालीवर ‘समलैंगिकतेचं गुन्हेगारीकरण’ वाचलं की समलिंगी लोकांत गुन्हेगार घुसले, असा भलताच अर्थ निघतो. गुन्हेगारी हा माणसांचा धंदा, गुन्हा ही कायद्याने ठरवायची गोष्ट. हा लढा दुसऱ्या गोष्टीशी होता. तेव्हा नाम घडवण्याचा अट्टहास सोडून सरळ क्रियापद वापरा: गुन्हा ठरवणं, गुन्हा न राहणं. शिवाय या लढ्याची कथा क्रियापदांनीच नीट सांगता येते. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाने असे संबंध गुन्हा राहिले नाहीत. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ते पुन्हा गुन्हा झाले. २०१८ मध्ये पुन्हा राहिले नाहीत. हेच ‘करण’वाल्या शब्दांत लिहून पाहा, धाप लागेल.

‘कलम रद्द झालं’ हेही २०१८ पुरतं खरं नाही. संमती नसलेल्या कृत्यांना, अल्पवयीन मुलांशी आणि प्राण्यांशी केलेल्या कृत्यांना ते लागूच राहिलं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३७७ च्या जागी काहीच घेतलेलं नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर लावायला नेमकं कलम उरलं नाही, ही नवी पंचाईत. तिथे ‘वगळलं’ हा शब्द योग्य.

मूळ कलमात समलैंगिकता हा शब्दही नव्हता. पुरुष, स्त्री किंवा प्राणी यांच्याशी ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंध, शिक्षा जन्मठेपेपर्यंत, एवढाच मजकूर. संमतीचा उल्लेख नाही. त्यातूनच बातमीदारांचं ‘अनैसर्गिक कृत्य’ आलं. पोरावर अत्याचार झाला तरी अनैसर्गिक, दोन सज्ञान पुरुष राजीखुशीने एकत्र आले तरी अनैसर्गिक. अत्याचाराला अत्याचार म्हणा, त्याला निसर्गाचं विशेषण लागत नाही. तुमच्या भित्तिपत्रकात हा शब्द अवतरणचिन्हांशिवाय येऊ देऊ नका.

गोव्याच्या वाचकासाठी एक गोष्ट आवर्जून घाला. भारतीय दंड संहिता १८६० ची, पण ती इथे आली १९६२ च्या विनियमातून, पोर्तुगीज गेल्यावर. म्हणजे ‘हे कलम दीडशे वर्षं आपल्या डोक्यावर होतं’ हे वाक्य मुंबईकराच्या तोंडी शोभेल, डिचोलीत नाही.

लढ्याचा एक धागा मात्र आपल्या बार्देशातून जातो. १९८९ मध्ये पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा यांना रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून पोलिसांनी नेलं आणि म्हापशातल्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात दोन महिन्यांवर डांबून ठेवलं. ही कारवाई ३७७ खाली नव्हती, गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली होती. त्यात तिला ‘विलगीकरण’ म्हटलं होतं, दाराबाहेर पहारा असला तरी. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात दाद मागितली, पण कायदा वैध ठरला. तेव्हा त्यांची बाजू लढवणारे वकील आनंद ग्रोव्हर. पुढे दिल्लीत नाझ फाउंडेशनच्या बाजूने ३७७ विरुद्ध युक्तिवाद करणारेही तेच. नाझ ही संस्थाही एचआयव्हीवर काम करणारी. तिचं म्हणणं, कलमाच्या भीतीने माणसं लपतात आणि लपलेल्यांपर्यंत ना कंडोम पोचत ना डॉक्टर. म्हणून २००१ ची ती याचिका, जिच्यावर २००९ चा निकाल आला.

‘उपचार’ हा शब्दही जपून वापरा. जानेवारी २०१५ मध्ये गोव्याच्या तत्कालीन युवा व्यवहार मंत्र्यांनी समलिंगी तरुणांना ‘नॉर्मल’ करण्यासाठी केंद्रं काढण्याची भाषा केली होती. गदारोळ झाल्यावर बोलण्याचा विपर्यास झाल्याचा खुलासा आला.

भित्तिपत्रकासाठी वाक्य असं घ्या: ‘६ सप्टेंबर २०१८ पासून सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध भारतात गुन्हा राहिलेले नाहीत.’ जागा कमी पडली तर तारीख गाळा, ‘सज्ञान’ आणि ‘परस्परसंमतीचे’ गाळू नका. मथळा हवा असेल तर ‘३७७ विरुद्धचा लढा’ पुरे. ‘मोहीम’ म्हटलं की मला पल्स पोलिओ आठवतो.