शांतता, न्याय आणि हवामान बदल या विषयांवरच्या रेडिओ कार्यक्रमाने खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही चौघं मिळून कम्युनिटी रेडिओवर दर आठवड्याला तासाभराचा कार्यक्रम सुरू करताय, निम्मा वेळ गप्पा आणि निम्मा वेळ गाणी. विचारलंय ते असं, की याने कुणाचं मत बदलतं का आणि गाणी कशी निवडायची. अशाच एका कार्यक्रमाचं निवेदन आणि एडिटिंग मी सात वर्षं केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मत सहसा बदलत नाही. पण लगेच खट्टू होऊ नका, कारण बदलतं ते वेगळंच काहीतरी, आणि माझ्या मते ते जास्त मोलाचं आहे.

रवांडात 2004 साली एक रेडिओ मालिका सुरू झाली. डोंगरावरची दोन शेजारी गावं, जमिनीची टंचाई, त्यातून चिथावणी, हल्ला आणि मग पुन्हा एकत्र येण्याची धडपड, अशी तिची गोष्ट. एलिझाबेथ लेव्ही पलक या अभ्यासिकेने वर्षभर काही गटांना ही मालिका ऐकवली आणि काहींना आरोग्यावरची दुसरी मालिका. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोकांच्या मनातल्या समजुती फारशा हलल्या नव्हत्या. पण ‘आपल्यात कसं वागायचं असतं’ याची त्यांची कल्पना बदलली होती. शेवटी प्रत्येक गटाला भेट म्हणून एक कॅसेट प्लेअर, मालिकेच्या कॅसेट आणि बॅटऱ्या दिल्या आणि हे कसं वापरायचं ते तुम्हीच ठरवा, असं सांगितलं. आरोग्याची मालिका ऐकणाऱ्या गटांत कुणीतरी म्हणायचं, गावच्या पुढाऱ्याकडे ठेवू, आणि विषय तिथेच मिटायचा. सलोख्याची मालिका ऐकलेल्या गटांत मात्र कुणीतरी तोंड उघडायचं, की त्यांच्याकडेच का, आपण मिळून सांभाळू. मग चर्चा व्हायची.

मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. चारचौघांत ‘मला पटत नाही’ म्हणता येणं आणि ते म्हटल्यावरही एकत्र बसून राहणं, शांततेची सुरुवात मला इथे दिसते.

याच देशाची दुसरी बाजूही विसरू नका. 1994 च्या नरसंहारात, शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली तेव्हा, द्वेष पेटवणारं एक रेडिओ केंद्र जोरात चालू होतं. ते रटाळ नव्हतं. लोकप्रिय संगीत, हसतखेळत गप्पा, श्रोत्यांचा सहभाग, सगळं होतं. म्हणजे तुमचाच साचा. त्यामुळे गप्पा आणि गाणी एकत्र आणली की आपोआप चांगलंच घडेल, या भरवशावर राहू नका. पाहुण्याने एखाद्या समाजाबद्दल सरसकट वाक्य टाकलं तर निवेदकाने तिथल्या तिथे थांबवून विचारायला हवं, ‘सगळेच? तुम्ही स्वतः कुणाला पाहिलंत?’ एडिट करताना ते वाक्य कापून टाकण्यापेक्षा हा प्रश्न आणि त्यानंतरची अवघड शांतता तशीच ठेवा. श्रोत्याला तेच ऐकायला मिळायला हवं.

एका गाण्याने काय होऊ शकतं, याचं उदाहरण पोर्तुगालमध्ये आहे. 25 एप्रिल 1974, मध्यरात्र उलटून वीस मिनिटं. लिस्बनच्या एका केंद्रावरून ‘ग्रँडोला, व्हिला मोरेना’ वाजलं. सैन्यातल्या बंडखोर अधिकाऱ्यांनी आधीच ठरवलेली ती खूण होती. जवळजवळ अर्धं शतक चाललेली हुकूमशाही त्या दिवशी कोसळली, आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत कार्नेशनची फुलं खोवली. हे गाणं हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला वाद्य नाही, खडीवरून चालणाऱ्या पावलांचा आवाज आहे. एकजण ओळ म्हणतो, मग बाकीचे उचलतात. जमावाला ऐकता ऐकता सामील होता येईल, अशीच त्याची घडण आहे. गाणं निवडताना मी हेच बघते, की यात ऐकणाऱ्याला जागा आहे का.

आता निवडीबद्दल. आमची पहिल्या वर्षीची मोठी चूक म्हणजे आम्ही गाणी आधी ठरवायचो. विषय हवामान, म्हणून पृथ्वीवरचं गाणं. विषय न्याय, म्हणून लढ्याचं गाणं. मग गप्पा एका बाजूला आणि गाणी दुसऱ्या बाजूला, असं व्हायचं. आधी मुलाखत रेकॉर्ड करा, दोनदा ऐका, आणि मगच गाणं शोधा.

एक प्रसंग सांगते. हवामान केंद्रावर नोंदी घेण्यात उमेदीची वर्षं घालवलेले, आता निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे आले होते. मी विचारलं, ‘हवामान बदलाबद्दल काय वाटतं?’ त्यांनी वर्तमानपत्रात असतं तसंच उत्तर दिलं. मग विचारलं, ‘काका, रोज नेमकं काय करायचात?’ आणि त्यांचा आवाजच बदलला. झडपा असलेली पांढरी लाकडी पेटी, आत आडवा ठेवलेला किमान तापमापक, त्यातल्या अल्कोहोलमधली बारीक काडी. रात्री गारवा वाढतो तसं अल्कोहोल आक्रसतं आणि काडीला मागे ओढत नेतं. पुन्हा ऊब आली की अल्कोहोल पुढे सरकतं, काडी मात्र तिथेच राहते. तोच रात्रीचा नीचांक. नोंद झाली की तापमापक हलकेच तिरपा करून काडी जागेवर आणायची. म्हणाले, ‘वर्षं गेली तशी काडी पूर्वीइतकी मागे जाईना. रात्री गार व्हायचंच विसरल्यासारख्या.’ गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनीवरचं रात्रीचं किमान तापमान दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा जास्त वेगाने वाढलं, हे शास्त्रज्ञ आकड्यांत सांगतात. काकांनी ते काडीत दाखवलं.

त्या भागासाठी ठरवलेलं जोशपूर्ण समूहगीत आम्ही काढून टाकलं. त्याऐवजी 2013 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने बसवलेली चेलोची रचना लावली. 1880 पासूनच्या जागतिक तापमानाचा दरवर्षी एक स्वर, सगळ्यात थंड वर्षाला चेलोचा सगळ्यात खालचा स्वर. सूर हळूहळू चढत जातो आणि शेवटी अगदी टिपेला पोचतो. काकांनंतर ती ऐकताना स्टुडिओत कुणी बोललं नाही.

न्यायाच्या गाण्यांचं दुखणं वेगळं आहे. ती इतकी ओळखीची होतात, की ऐकूच येत नाहीत. ‘हम होंगे कामयाब’ आपण शाळेच्या प्रार्थनेत उभं राहून म्हटलंय. त्याचं मूळ इंग्रजी गाणं 1945-46 मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातल्या कृष्णवर्णीय कामगार बायका संपाच्या वेळी म्हणायच्या. तिथून ते एका प्रशिक्षण शाळेत पोचलं आणि पुढे नागरी हक्क चळवळीत गेलं. एवढं दोन वाक्यांत सांगून मग गाणं लावा, वेगळं ऐकू येईल. याच गाण्यावरचा स्वामित्वहक्काचा दावा अमेरिकेत 2018 साली तडजोड झाल्यावर सुटला. तुम्हीही प्रत्येक गाण्याचे हक्क कुणाकडे आहेत ते आधी तपासा, विशेषतः भाग इंटरनेटवर ठेवणार असाल तर. नंतर धावपळ फार होते.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. युद्धाला विरोध करणाऱ्या लुइस हिलने 1949 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत केपीएफए हे रेडिओ केंद्र उभं केलं ते श्रोत्यांच्या वर्गणीच्या कल्पनेवर, आणि ते अजून चालू आहे. ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याच्याकडूनच जाहिरात घेतलीत, तर पहिल्या अवघड प्रश्नाला जीभ अडखळेल.

शक्य असेल तर महिन्यातून एकदा लोकांना एका जागी जमवून भाग ऐकवा आणि संपल्यावर अर्धा तास काहीच कार्यक्रम ठेवू नका. रवांडातले गटही एकत्र बसूनच ऐकत होते.

आणि प्रत्येक पाहुण्याला शेवटी एक विचारा, काम करताना तुम्ही काय गुणगुणता? काका आधी लाजले. मग त्यांनी दीड ओळ गुणगुणली, बेसूरच, मध्ये खुर्ची करकरली. आम्ही ती करकर काढली नाही. त्या भागाला आलेल्या फोनांपैकी बहुतेकांनी विचारलं, ते गाणं पुढे कसं आहे?