फॅमिलीसर्च खरंच फुकट आहे का? मराठी घराण्याची वंशावळ तिथे सापडते का?

फुकटच आहे ही वंशावळींची वेबसाइट. खर्च अमेरिकेतलं मॉर्मन चर्च, म्हणजे एक ख्रिस्ती पंथ, करतं. सॉल्ट लेक सिटीत १८९४ पासून त्यांचा हा जुन्या नोंदी गोळा करायचा उद्योग चालू आहे, १९३८ पासून नोंदींची मायक्रोफिल्म करतात, आणि ती रिळं ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून ठेवलीत. कारण धार्मिक: मेलेल्या पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा घ्यायचा, तर त्यांची नावं हवीत.

यावरूनच माझे थोरले काका उखडले. "आता मेलेल्यांनाही बाटवणार का?" काका आमच्या कुलवृत्तांताच्या संपादक मंडळात होते. त्या जाडजूड पुस्तकात पणजोबांच्या नावापुढे छापलंय, "पुत्र ३, कन्या ४". पुत्रांची नावं, शिक्षण, नोकरी, सगळं. कन्यांचा नुसता आकडा! पणजीचंही सासरचं नाव तेवढं, लक्ष्मीबाई. ती माहेरची यमुना, हे मला आजीने सांगितलेलं.

फॅमिलीसर्चवर बाईचं जन्माचं नाव लिहायची पद्धत आहे. मी यमुना लिहिलं. तिथलं वंशावळीचं झाड सगळ्यांचं एकच, कुणीही बदल करू शकतं. तिसऱ्या दिवशी काकांच्या चिरंजीवांनी लक्ष्मीबाई केलं. मी पुन्हा यमुना. असं चारदा झालं. बदलाचं कारण म्हणून त्याने लिहिलं, "अधिकृत नाव". मी लिहिलं, "अधिकृत कुणी केलं?" मग भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे रामायण झालं ते इथे नको.

तर तुमचा प्रश्न. हरिद्वारचे पंडे यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं ज्या वह्यांत लिहितात, त्यांची छायाचित्रं तिथे आहेत, पण पानं उलटत बसायची तयारी ठेवा. मराठी घराण्यांसाठी मी म्हणेन, आधी नाशिक-त्र्यंबकेश्वरला जा. गाव आणि आडनाव सांगून आपले तीर्थोपाध्याय शोधा आणि वही बघा. झाड मग घरी बसून भरा, आणि बायकांपासून सुरुवात करा. पुरुषांची नावं कुठे पळून जात नाहीत.

हो, एक राहिलंच. काकांची भीती अगदीच पोकळ नाही. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचे असे बाप्तिस्मे झाले होते, त्यावरून १९९५ मध्ये चर्चला ज्यू संघटनांशी करार करावा लागला. नियमाने बाप्तिस्म्यासाठी फक्त स्वतःच्या पूर्वजांची आणि नातलगांची नावं द्यायची असतात. जिवंत माणसांची माहिती इतरांना दिसत नाही. तरीही मन धजत नसेल तर घरच्या वहीत लिहा.

त्या चार कन्यांपैकी दोघींची नावं मला मिळालीत. उरलेल्या दोघी काकांच्या सख्ख्या आत्या. विचारलं की ते चहा मागवतात.