कारखानाप्रमुख ते संचालक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी कारखानाप्रमुख आहे. ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागलो तो याच कंपनीत, आणि आता 51 वर्षांचा आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असली तरी निम्म्याहून अधिक भागभांडवल प्रवर्तक कुटुंबाकडे आहे. मोठे साहेब अध्यक्ष आहेत आणि त्यांचे चिरंजीव अलीकडेच व्यवस्थापकीय संचालक झाले. त्यांनी मला पूर्णवेळ संचालक (उत्पादन) हे पद देऊ केले आहे. त्याआधी एखाद्या नामांकित व्यवस्थापन संस्थेतील वरिष्ठ अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम करावा का? इंग्रजीत बोलण्याचा संकोच वाटतो, तेही एक आहेच. शिवाय ज्या धाकट्या साहेबांना मी शॉप फ्लोअरवर काम शिकवले, त्यांच्याच हाताखाली संचालक म्हणून काम करणे कितपत जमेल?
एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : अभ्यासक्रमाचा प्रश्न आपण पहिला विचारला आहे, पण मी तो शेवटी घेतो, कारण त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न आपल्या पत्रात आलेलाच नाही. नियुक्तीनंतर कोणकोणत्या कागदांवर आपली सही राहणार आहे?

1948 च्या कारखाने अधिनियमानुसार कंपनीच्या कारखान्याचा ‘भोगवटादार’, म्हणजे कारखान्यावर अंतिम नियंत्रण असलेली आणि कायद्यापुढे उत्तरदायी व्यक्ती, संचालकांपैकीच कोणीतरी असावा लागे. एखाद्या अधिकाऱ्याचे नाव पुढे करून संचालकांना नामानिराळे राहता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात स्पष्ट केले. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. तिच्यातही हेच तत्त्व कायम असून स्वतंत्र संचालकांना (प्रवर्तक वा व्यवस्थापनाशी संबंध नसलेल्या, बाहेरच्या संचालकांना) मात्र यातून वगळले आहे. आजवर आपले नाव फार तर कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून नोंदलेले असेल. संचालक (उत्पादन) झालात की भोगवटादार म्हणून बहुधा आपलेच नाव सुचवले जाईल, आणि गंभीर अपघात झाल्यास पहिली नोटीस त्याच नावाने निघेल.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. आपण आयुष्यभर प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या विभागात) वावरलेले आहात, तेव्हा पुढचे दृश्य आपल्याला नवे नसेल. महिनाअखेर असते, डिस्पॅच गाठायचे असते, रात्रपाळीत प्रेसचा लाइट कर्टन (हात आत जाताच मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) सारखा ट्रिप होतो म्हणून मेंटेनन्सचा कोणीतरी तो बायपास करतो, सुपरवायझर पाहून न पाहिल्यासारखे करतो, आणि मशीनवर उभा असतो ठेकेदाराने त्याच आठवड्यात आणलेला एखादा मुलगा. कारखानाप्रमुख असताना असा प्रकार सकाळच्या फेरीत आपल्या नजरेस पडतो, कारण कोणत्या लाइनवर काय चालले आहे हे आपल्याला नुसत्या आवाजावरून कळते. संचालक झाल्यावर आठवड्यातील निम्मे दिवस मुख्य कार्यालयात, ग्राहकांकडे आणि बँकेत जातील. जे स्वतः पाहिले नाही त्याचेही उत्तर द्यावे लागणे, हा या दोन पदांमधला खरा फरक आहे, आणि आपली पुढची व्यावसायिक वाढ हा फरक आपण कसा पेलता यावरच ठरेल.

त्यासाठी माहिती आपल्यापर्यंत न गाळता पोहोचण्याची सोय आधी लावून घ्यावी. सुरक्षा अधिकाऱ्याचा अहवाल नव्या कारखानाप्रमुखामार्फत न येता थेट आपल्याकडे यावा. बायपासच्या किल्ल्या कुलपात असाव्यात आणि प्रत्येक वेळी कोणी, कोणाच्या परवानगीने, किती वेळासाठी घेतल्या याची नोंद व्हावी. सुपरवायझरने धोका पाहून लाइन थांबवली तर उत्पादन बुडवल्याबद्दल त्याला बोलणी बसणार नाहीत, हे आपण सर्वांसमोर एकदा सांगावे आणि पहिली तशी वेळ येईल तेव्हा पाळून दाखवावे. (पहिल्याच वेळी डिस्पॅच चुकल्याचा फोन आपल्यालाच येईल, याची खात्री बाळगावी.) सुरक्षेवरील खर्च कोणत्या मर्यादेपर्यंत आपल्या एकट्याच्या सहीने करता येईल, हे पद स्वीकारण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे. कंपनीने संचालकांसाठी दायित्व विमा घेतला आहे का, तेही विचारावे. अशा विम्यातून वकिलाचा खर्च भागू शकतो. शिक्षा भोगायला विमा कंपनी येत नाही.

आणखी एक व्यावहारिक बाब अशी, की पूर्णवेळ संचालकाची नियुक्ती एका वेळी 5 वर्षांहून अधिक काळासाठी करता येत नाही आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत तिला 3 महिन्यांच्या आत, किंवा त्याआधी सर्वसाधारण सभा असल्यास त्या सभेत, भागधारकांची मंजुरी लागते. मुदत संपल्यावर आपल्या इतक्या वर्षांच्या नोकरीचे आणि ग्रॅच्युइटीचे काय, याचा उल्लेख नियुक्तीपत्रात असावा.

धाकट्या साहेबांविषयी. दैनंदिन कामात ते आपले वरिष्ठ राहतील, यात संदिग्धता नको, आणि शॉप फ्लोअरच्या दिवसांतले ‘अरे-तुरे’ चारचौघांत तरी बंद व्हायला हवे. मात्र संचालक मंडळाच्या सभेत आपण त्यांचे हाताखालचे नसता. कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 166 नुसार प्रत्येक संचालकाने वाजवी काळजी घेऊन स्वतःच्या स्वतंत्र बुद्धीने निर्णय घ्यायचा असतो, आणि ‘साहेबांनी सांगितले म्हणून मान डोलावली’ हा बचाव तेथे चालत नाही. सभेची सूचना साधारणतः किमान 7 दिवस आधी येते. एखादा प्रस्ताव पटत नसेल तर त्या दिवसांत त्यांच्या केबिनमध्ये जाऊन एकट्यात स्पष्ट बोलावे. आपल्याकडे कौटुंबिक कंपन्यांत वडिलांदेखत मुलाला खोडून काढण्याची किंमत फार मोठी असते. तरीही मतभेद उरला तर तो सभेत शांतपणे मांडावा आणि इतिवृत्तात नोंदला गेला आहे ना, हे पाहावे. ठरावाला असहमत असलेल्या संचालकांची नावे इतिवृत्तात येणे कायद्यालाच अपेक्षित आहे. मसुदा सभेनंतर 15 दिवसांत येतो आणि त्यावर हरकत कळवायला 7 दिवस मिळतात. बहुतेक संचालक तो उघडूनही पाहत नाहीत, आपण पाहावा.

आता अभ्यासक्रम. जरूर करावा, पण वर्षभराने आणि कंपनीच्या खर्चाने. आज आपल्याला ज्याची उणीव भासणार आहे ते वर्गात कमी आणि आपल्या वित्त प्रमुखांच्या टेबलावर जास्त मिळेल. समजा, आपण 40 कोटींच्या नव्या प्रेस लाइनचा प्रस्ताव मांडला. आपण त्यात टनेज, सायकल टाइम, रिजेक्शन हे सारे चोख लिहाल. मंडळ मात्र विचारील, की लाइन 90 टक्के चालली तर पैसे किती वर्षांत वसूल होतात, आणि ग्राहकाने मॉडेल पुढे ढकलल्याने ती 60 टक्केच चालली तर कर्जाचे हप्ते कशातून फेडायचे. हे उत्तर स्वतः मांडता येईपर्यंत दर तिमाहीला वित्त प्रमुखांसोबत बसून ताळेबंद, खेळते भांडवल आणि गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा समजून घ्यावा. इंग्रजीची काळजी मला तरी अनाठायी वाटते. अशा सभांत मराठी, हिंदी, इंग्रजी सर्रास मिसळून बोलले जाते, आणि ज्याच्याकडे आकडा पक्का असतो त्याचे व्याकरण कोणी तपासत नाही.

प्रश्न : मी शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीत 6 वर्षे वित्त प्रमुख आहे आणि पुढील वर्षी निवृत्त होत आहे. निवृत्तीनंतर याच कंपनीत स्वतंत्र संचालक म्हणून राहावे, असे प्रवर्तक म्हणतात. हे शक्य आहे का?
एक वाचक, ठाणे

उत्तर : लगेच नाही. ज्या कंपनीत किंवा तिच्या समूहातील धारक, उप अथवा सहयोगी कंपनीत मागील तीन आर्थिक वर्षांत आपण नोकरीत होता, तेथे स्वतंत्र संचालक होता येत नाही. इतर कंपन्यांचा मार्ग मोकळा आहे. त्यासाठी मानेसर येथील भारतीय कॉर्पोरेट व्यवहार संस्थेच्या स्वतंत्र संचालकांच्या डेटाबँकेत नाव नोंदवावे लागते. नोंदणीनंतर 2 वर्षांत 50 टक्के गुणांनी ऑनलाइन चाचणी उत्तीर्ण होणे सर्वसाधारणपणे आवश्यक असले तरी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत वित्त प्रमुखासारख्या पदावर किमान 3 वर्षे काम केलेल्यांना तीतून सूट आहे, आणि तो निकष आपण पूर्ण करता.

मोबदल्याबाबत मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. सभेचा भत्ता एका सभेला 1 लाख रुपयांपर्यंतच देता येतो, नफ्यावर आधारित कमिशन भागधारकांच्या मंजुरीने मिळू शकते, आणि स्टॉक ऑप्शन मुळीच देता येत नाहीत. जबाबदारी पूर्णवेळ संचालकापेक्षा कमी असते, कारण कलम 149(12) नुसार मंडळाच्या कामकाजातून आपल्याला जे कळले आणि ज्याला आपण संमती दिली किंवा जेथे आपण पुरेशी दक्षता घेतली नाही, तेवढ्यापुरतेच आपण उत्तरदायी ठरता. त्यामुळे एखाद्या कंपनीचे निमंत्रण आले की होकार कळवण्यापूर्वी तिच्या मागील तीन वर्षांच्या लेखापरीक्षकांचे शेरे, संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार आणि आधीचा स्वतंत्र संचालक मुदतीआधीच का गेला, एवढे तरी तपासावे. हे तीन कागद वाचायला आपल्याइतके तयार डोळे क्वचितच कोणाकडे असतील, आणि प्रवर्तक ते दाखवायला टाळाटाळ करू लागले तर नकार कळवायला तेवढे कारण पुरेसे आहे.