टीव्ही स्वच्छ, पण इंटरनेट अडखळते

प्रश्न : कोपरखैरणे येथील आमच्या केबल जाळ्यात रोज सायंकाळी सातनंतर एकाच नोडवरील (परिसरातील घरांच्या केबल जिथे एकत्र येतात त्या पेटीवरील) बहुतेक घरांचे इंटरनेट अडखळते, टीव्हीचे चित्र मात्र स्वच्छ असते. मोडेम बदलले, ॲम्प्लिफायरचा रिटर्न गेनही (घरांकडून परतणाऱ्या सिग्नलची वाढ) वाढवला, तरी फरक नाही. काय करावे?
– एक केबल तंत्रज्ञ

उत्तर : मोडेम बदलणे आधी थांबवावे. टीव्हीच्या वाहिन्या वरच्या वारंवारतेवर घरात येतात, तर मोडेमचा संदेश साधारणपणे 5 ते 65 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून परततो; या पट्ट्यात प्रत्येक घरातून शिरलेला गोंगाट (नको असलेले विद्युत संकेत) नोडपाशी एकत्र साचत असल्याने एका घरातील सैल जोडणीसुद्धा सगळ्यांना भोवते. गेन वाढवला की गोंगाटही तेवढाच वाढतो, म्हणून तो पूर्ववत करावा.

शोध मात्र सायंकाळीच घ्यावा. नोडच्या रिटर्न टेस्ट पॉइंटवर स्पेक्ट्रम ॲनालायझर (कोणत्या वारंवारतेवर किती सिग्नल आहे ते दाखवणारे उपकरण) लावून मॅक्स होल्डवर (सर्वोच्च पातळी धरून ठेवणाऱ्या सेटिंगवर) काही मिनिटे थांबावे. साधारण 15 मेगाहर्ट्झखाली उसळ्या दिसल्यास मोटर, चार्जर किंवा एलईडी दिव्यांच्या पुरवठ्याचा संशय घ्यावा. सायंकाळची वेळ पाहता मला हीच शक्यता अधिक वाटते. त्यानंतर नोडच्या एकेका शाखेच्या रिटर्नमध्ये क्षणभर 6 डेसिबलची घट घालावी. ज्या शाखेत घट घालताच गोंगाट खाली येतो, तिचाच माग पुढच्या ॲम्प्लिफायरपर्यंत, तेथून टॅपपर्यंत (घरांच्या जोडण्या जिथून फुटतात त्या पेटीपर्यंत) आणि शेवटी घराच्या वायरपर्यंत काढावा. शाखा सरसकट तोडल्यास ग्राहकांची सेवा विनाकारण बंद पडते.

गोंगाट दिवसभर आणि पट्टाभर पसरलेला असेल, तर गंजलेला कनेक्टर तपासावा. ऐरोलीत खाडीलगतच्या एका गच्चीवर मी टॅपचे झाकण उघडले, तेव्हा मधल्या तारेवर हिरवट थर होता आणि कनेक्टर बोटांनी फिरत होता. असा थर डायोडसारखे (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखे) काम करतो, टीव्हीच्या वाहिन्या एकमेकींत मिसळतात आणि त्यांचे अवशेष रिटर्न पट्ट्यात उतरतात. ग्राहकांना कळवून फॉरवर्ड सिग्नल (घरांकडे जाणारा) क्षणभर बंद करावा. गोंगाटही नाहीसा झाला, तर दोष हाच समजावा.

दोषी जोडणी पक्कडीने आवळून भागवू नये. वायरचे टोक कापून नवा कनेक्टर कॉम्प्रेशन टूलनेच बसवावा, स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडांवर 75 ओहमचे टर्मिनेटर (तोंड बंद करणाऱ्या टोप्या) लावावेत आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी सातनंतर त्याच टेस्ट पॉइंटवर पुन्हा मोजणी करावी.