कृत्यांमधली घटना नियम कधी ठरते?

प्रश्न : पेन्टेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथातले) मित्र बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातल्या घटना आजही जशाच्या तशा लागू धरतात. इतिहासातून असा सिद्धांत काढता येतो का?

उत्तर : त्यांचा पाया २:१६ (अध्याय २, वचन १६). तिथे प्रेषित पेत्र योएल संदेष्ट्याचं वचन डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीला लावतो. या पुस्तकाचा लेखक लूक नुसती बखर लिहीत नाही, कथेतून शिकवतो, हा पुढचा मुद्दा. पेन्टेकॉस्टल अभ्यासक रॉजर स्ट्रॉन्स्टॅड यांनी तो १९८४ मध्ये सविस्तर मांडला. नव्या कराराचे अभ्यासक गॉर्डन फी मात्र स्वतः पेन्टेकॉस्टल असूनही विचारत : लूकला इथे नियम घालून द्यायचा होता, हे कशावरून?

पडताळायचं तर अध्याय २, ८, १० आणि १९ शेजारीशेजारी ठेवून वाचा. अन्य भाषांचा (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलण्याचा) स्पष्ट उल्लेख २, १० आणि १९ मध्ये आहे. शोमरोनात (८) तो नाही. तिथल्या शिमोन जादूगाराला काहीतरी दिसलं, एवढंच कळतं. क्रमही एक नाही. कर्नेल्याकडे (१०) पवित्र आत्मा आधी, बाप्तिस्मा नंतर, इफिसात (१९) उलट. मग १ करिंथ १२:३० वाचा आणि तिथला प्रश्न टाळू नका : सगळेच अन्य भाषा बोलतात काय?

गडबड होते ती एकाच प्रसंगावरून नियम बांधल्यावर. १:२६ मध्ये चिठ्ठ्या टाकून प्रेषित निवडला. मंडळीचे वडील (पुढारी) तसे निवडा असं सहसा कोणी म्हणत नाही!

अनुभवाचं काय? अध्याय १५ पाहा. वाद होता गैरयहुद्यांना मंडळीत कसं घ्यायचं याचा. आधी पेत्र, बर्णबा आणि पौल यांची साक्ष, मग याकोब शास्त्रातल्या आमोस ९ शी ती ताडतो, आणि निर्णय सगळी मंडळी मिळून घेते. एकट्याला झालेलं 'प्रकटीकरण' साक्ष, शास्त्र आणि मंडळी या तिन्हींतून गेलं नसेल, तर ते शिकवण म्हणून मांडू देऊ नका.